पत्त्याशेजारचा दुसरा चौकोन: नेटमास्कचा इतिहास

 

आजचा विषय एका छोट्या चौकोनाचा आहे. ज्यांनी ऑफिसात फायरवॉल बसवलाय, किंवा घरी वाय-फायच्या राउटरचं सेटिंग उघडून पाहिलंय, त्यांना तो माहीत आहे. उपकरणाच्या प्रत्येक इंटरफेससाठी, म्हणजे जिथे केबल लागते त्या प्रत्येक तोंडासाठी, ते पान दोन गोष्टी विचारतं. पहिल्या चौकोनात आयपी पत्ता. दुसऱ्या चौकोनात नेटमास्क. पहिला चौकोन आपण विचार करून भरतो. दुसऱ्यात २५५.२५५.२५५.० असं टाकतो आणि पुढे जातो. का टाकतो, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील की सगळेच टाकतात.

मला आज त्या दुसऱ्या चौकोनाचा इतिहास सांगायचा आहे. पत्ता दिल्यावर आणखी काही विचारायची गरजच काय? गंमत अशी की सुरुवातीला ती नव्हतीच. तो चौकोन १९८५ नंतर आला. तो का आला हे बघताना एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: हद्द कोणी आखायची? वर बसलेल्यानं, की जो तिथे राहतो त्यानं?

एसटीडी कोडपासून सुरुवात

आधी एक ओळखीचं उदाहरण घेऊ. लँडलाइन आठवते ना? मुंबईचा एसटीडी कोड २२, आणि पुढे आठ आकडी नंबर. कोल्हापूरचा कोड २३१, पुढे सात आकडे. रत्नागिरीचा २३५२, पुढे सहा. बेरीज करून बघा, प्रत्येक वेळी दहाच येते. शहर मोठं असेल तर कोड लहान आणि आतल्या नंबराला जागा जास्त. गाव लहान असेल तर कोड लांब आणि आत जागा कमी. एकूण लांबी तीच, फक्त मधली रेष सरकते.

आणि फोन लावताना आपण काय करायचो? गावातल्या गावात लावायचा तर नुसता नंबर. बाहेरगावी लावायचा तर आधी शून्य, मग कोड. म्हणजे नंबर फिरवण्याआधी मनात एकच निर्णय असायचा: हा माणूस आपल्या एक्स्चेंजमधला की बाहेरचा?

नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र नेमका हाच निर्णय प्रत्येक पॅकेटसाठी घेतं. समोरचा पत्ता आपल्याच तारेवरचा असेल तर थेट देणं, नसेल तर गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे सोपवणं. आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातले पहिले काही बिट म्हणजे कोड, उरलेले म्हणजे आतला नंबर. रेष कुठे आहे हे यंत्राला कळलं नाही तर हा निर्णय घेताच येत नाही. ती रेष कुठे, हे सांगणारा आकडा म्हणजे नेटमास्क. बाकीचा सगळा इतिहास या रेषेचा आहे.

पत्ता यंत्राचा नव्हे, तोंडाचा

आता १९६९ मध्ये जाऊ. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट सुरू झालं. पहिली चार ठिकाणं होती लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा इथली कॅलिफोर्निया विद्यापीठं, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट आणि युटा विद्यापीठ. प्रत्येक ठिकाणी बीबीएन या कंपनीनं बनवलेलं एक कपाटाएवढं यंत्र ठेवलं होतं, त्याला इम्प म्हणत. हनीवेलच्या मिनी संगणकावर बांधलेलं. आजच्या राउटरचा हा पूर्वज. संस्थेचा मोठा संगणक या इम्पला जोडायचा.

पत्ता कसा होता? आठ बिटांचा. सहा बिट इम्पचा क्रमांक, दोन बिट त्या इम्पवरच्या तोंडाचा क्रमांक. दोन बिट म्हणजे चार तोंडं. संपला पत्ता.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती आजपर्यंत आपल्याला चिकटलेली आहे. हा पत्ता संगणकाचा नव्हता, संगणक जिथे जोडलाय त्या तोंडाचा होता. संगणक उचलून दुसऱ्या इम्पला लावला तर पत्ता बदलला. आयपीनं हीच पद्धत पुढे चालवली. म्हणून आज फायरवॉलला 'एक' पत्ता नसतो. त्याच्या बाहेरच्या तोंडाला एक पत्ता, आतल्याला दुसरा, पाहुण्यांच्या वाय-फायच्या तोंडाला तिसरा. नवीन मुलं विचारतात, 'सर, या फायरवॉलचा आयपी काय?' त्यावर बरोबर उत्तर हेच: 'कुठल्या इंटरफेसचा?'

२५६ नेटवर्कं पुरतील!

पुढे वेगवेगळी नेटवर्कं झाली. जमिनीवरची, रेडिओची, उपग्रहाची. ती एकमेकांना जोडायची कशी? व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात नेटवर्कच्या क्रमांकाला आठ बिट दिले होते. आठ बिटांत २५६ नेटवर्कं बसतात, आणि नजरेच्या टप्प्यातल्या काळापुरती ती पुरतील असं त्यांना वाटलं होतं.

आपण आज हसतो, पण हसण्याआधी विचार करा. त्या काळात 'नेटवर्क' म्हणजे देशभर पसरलेली यंत्रणा. तिला लाखो डॉलर लागायचे आणि मागे सरकार किंवा टेलिफोन कंपनी असायची. जगात अशी २५६ होतील का, हा प्रश्न होता. त्या हिशेबानं आकडा उदारच होता.

जानेवारी १९८० मधला आयपीचा दस्तऐवज, आरएफसी ७६०, घेतला तर तिथेही रेष तीच आहे: ३२ बिटांतले पहिले आठ नेटवर्कचे, उरलेले चोवीस आतले. रेष सर्वांसाठी एकच आणि वरून आखलेली. आपल्या पिन कोडसारखं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिन कोड आला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. तिथेही पहिले तीन आकडे कशाचे आणि पुढचे तीन कशाचे हे कायमचं ठरलेलं आहे. टपालाला ते चालतं, कारण टपाल कार्यालयं कुठे उघडायची हे एकच खातं ठरवतं. नेटवर्कच्या बाबतीत ते चाललं नाही.

दोन वर्षांच्या आतच, सप्टेंबर १९८१ मध्ये, आरएफसी ७९१ आला आणि रेष पहिल्यांदा सरकली. पत्त्यांचे वर्ग पडले. ए वर्गात पहिले आठ बिट नेटवर्कचे आणि आत १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते. बी वर्गात सोळा बिट नेटवर्कचे, आत ६५,५३६. सी वर्गात चोवीस बिट नेटवर्कचे, आत २५६. ए वर्गाची नेटवर्कं सव्वाशेच्या आसपास, बी वर्गाची १६,३८४, आणि सी वर्गाची जवळजवळ २१ लाख.

आता यंत्राला वर्ग कळणार कसा? पत्त्यावरूनच. पहिला आकडा १२८ पेक्षा कमी असेल तर ए. १२८ ते १९१ असेल तर बी. १९२ ते २२३ असेल तर सी. रेष कुठे आहे ते पत्ता स्वतःच सांगायचा. म्हणून दुसरा चौकोन नव्हता. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपीवर आलं, तेव्हा यंत्राला फक्त पत्ता सांगायचा होता.

याचं एक अवशेषरूप आजही दिसतं. विंडोजची ती जुनी आयपी सेटिंगची खिडकी उघडा, १० नं सुरू होणारा पत्ता टाइप करा आणि खालच्या चौकोनात जा. खिडकी आपणहून २५५.०.०.० भरते. १९२ नं सुरू केलात तर २५५.२५५.२५५.०. ते १९८१ चे वर्ग आहेत. वर्गांची पद्धत जाऊन तीस वर्षं झाली, तिची सवय अजून गेलेली नाही.

इथरनेट आलं आणि हिशेब बिघडला

वर्ग पाडणाऱ्यांना जे दिसत नव्हतं ते तोवर झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं. बॉब मेटकाफ आणि सहकाऱ्यांचं इथरनेट. एका इमारतीत एक केबल टाकायची आणि तिच्यावर सगळे संगणक लटकवायचे. १९८० मध्ये झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल यांनी मिळून त्याचं प्रमाण जाहीर केलं. त्यात ऑगस्ट १९८३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून ४.२बीएसडी हे युनिक्स आलं, टीसीपी-आयपी आत घेऊनच. आजही आपण वापरतो ती इफकॉन्फिग ही आज्ञा, इंटरफेसला पत्ता देणारी, तिथूनच आली.

आता विद्यापीठाच्या प्रत्येक इमारतीत एक नेटवर्क. नेटवर्क म्हणजे देशभराची यंत्रणा हा अर्थ गेला. नेटवर्क म्हणजे एक मजला, एक खातं, एक प्रयोगशाळा. मग प्रत्येक मजल्यासाठी वरून नवा क्रमांक मागायचा का?

स्टॅनफर्ड विद्यापीठात जेफ्री मोगल नावाचा संगणकशास्त्राचा विद्यार्थी होता. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यानं आरएफसी ९१७ लिहिला. त्यात तीन वाटा मांडल्या आहेत. पहिली, प्रत्येक केबलला स्वतंत्र नेटवर्क क्रमांक घ्यायचा. दुसरी, पूर्ण संस्थेचा एकच क्रमांक ठेवायचा आणि आत कोण कुठल्या केबलवर आहे याचा पत्त्याशी संबंधच ठेवायचा नाही. ते शोधायचं काम मधल्या पेट्यांनी करायचं. तिसरी, बाहेरच्यांसाठी एकच क्रमांक, पण आतल्या पत्त्याचे आपण आपल्यापुरते दोन तुकडे करायचे: एक तुकडा केबलचा, एक त्यावरच्या यंत्राचा.

पहिल्या वाटेत अडचण अशी की एका विद्यापीठाच्या आतली प्रत्येक केबल जगभरच्या राउटरना माहीत असावी लागते. माझ्या घरात किती खोल्या आहेत हे तालुक्याच्या टपाल कार्यालयानं का लक्षात ठेवायचं? दुसरी वाट लहान जागी चालते, पण जागा वाढली की आरडाओरडा फार होतो. तिसरी वाट जिंकली. तिचं नाव सबनेट.

ऑगस्ट १९८५ मध्ये मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी मिळून आरएफसी ९५० लिहिला आणि सबनेट अधिकृत झालं. पोस्टेल म्हणजे इंटरनेटच्या सगळ्या क्रमांकांची वही सांभाळणारा माणूस. कोणाला कुठला क्रमांक दिला याची नोंद वर्षानुवर्षं त्यानं ठेवली. हद्द वरून आखणाऱ्या व्यवस्थेचा तो खुद्द कारभारी. आणि हद्दीचा एक भाग स्थानिक माणसाच्या हाती देणाऱ्या दस्तऐवजावर त्याचंही नाव आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

पण याची किंमत होती. आतली रेष आता पत्त्यावरून ओळखता येईना. स्टॅनफर्डनं कुठे आखली आणि दुसऱ्या विद्यापीठानं कुठे, हे ज्याचं त्याला माहीत. मग यंत्राला कसं कळणार? सांगावं लागणार. दुसरा चौकोन इथे जन्मला. स्थानिक माणसाला स्वातंत्र्य मिळालं, आणि त्याबरोबर प्रत्येक यंत्राला प्रत्येक तोंडासाठी ती रेष न चुकता सांगण्याचं कामही आलं.

मास्क काम कसं करतो

मास्क म्हणजे मुखवटा. चित्रकार रंग फवारताना काही भाग कागदानं झाकतो, तसाच. ३२ बिटांची पट्टी घ्या. पत्त्यातल्या नेटवर्कच्या बिटांपुढे १ लिहा, उरलेल्यांपुढे ०. आठ एक म्हणजे २५५. म्हणून २५५.२५५.२५५.० याचा अर्थ: पहिले चोवीस बिट बघ, शेवटचे आठ झाक. २५५.२५५.२५५.१९२ म्हणजे आणखी दोन बिट उघडे, मागे सहा उरले, प्रत्येक तुकड्यात ६४ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कचा स्वतःचा आणि शेवटचा सर्वांना उद्देशून हाक मारायचा. म्हणजे यंत्रांना ६२.

यंत्र काय करतं? स्वतःच्या पत्त्यावर मास्क ठेवतं, समोरच्या पत्त्यावर तोच मास्क ठेवतं, आणि जे दिसतं ते सारखं आहे का बघतं. सारखं असेल तर आपल्याच तारेवरचा, नसेल तर गेटवेकडे. बस, एवढंच.

यात कळीचा मुद्दा असा की मास्क पॅकेटबरोबर जात नाही. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो, मास्क कोणाचाच नसतो. तो ज्याच्या त्याच्या डोक्यात. त्यामुळे एकाच तारेवरच्या दोन यंत्रांच्या डोक्यात दोन वेगळ्या हद्दी असू शकतात आणि ते कोणालाच कळत नाही. पत्ता चुकला तर लगेच कळतं, काहीच चालत नाही. मास्क चुकला तर बरंचसं चालतं. ते जास्त वाईट.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्याच्या ऑफिसात १९२.१६८.१ नं सुरू होणारे पत्ते, नाशिकच्या शाखेत १९२.१६८.२ नं सुरू होणारे. दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०. पुण्यातल्या हिशेबाच्या संगणकावर कोणीतरी घाईत २५५.२५५.०.० टाकलं. आता काय होईल? शेजारचा प्रिंटर चालेल. इंटरनेट चालेल, कारण बाहेरचे पत्ते वेगळेच दिसतात आणि गेटवेकडे जातात. फक्त नाशिक लागणार नाही. कारण या संगणकाला १९२.१६८.२ वाले आपल्याच तारेवरचे वाटतात. तो त्यांना तारेवर हाका मारत बसतो. नाशिकच्या माणसाला पुण्याच्या गल्लीत हाक मारून ओ येणार आहे का? मग दोन दिवस लोक नाशिकची लाइन तपासतात. लाइन ठीक असते.

उलटी चूक बघा. मास्क गरजेपेक्षा अरुंद टाकला, २५५.२५५.२५५.१२८, आणि यंत्राचा पत्ता शेवटी १० असलेला. आता त्याच तारेवरचे १२८ च्या पुढचे शेजारी त्याला परके वाटतात. त्यांच्यासाठीची पॅकेटं तो गेटवेला देतो, गेटवे ती परत त्याच तारेवर सोडतो. काम होतं, पण वळसा घालून. आणि गेटवे जर फायरवॉल असेल तर गडबड होऊ शकते. शेजाऱ्याचं उत्तर थेट येतं, फायरवॉलला संभाषणाची एकच बाजू दिसते, आणि संशय येऊन तो ते तोडतो.

तिसरी चूक दोन तोंडांच्या पेटीची. इंटरनेट देणाऱ्याच्या मोडेमनं बाहेरच्या तोंडाला १९२.१६८.१ मधला पत्ता दिला, आणि आपण आतल्या तोंडालाही त्याच पट्ट्यातला दिला. आता पेटीला एकच गाव दोन दिशांना दिसतं. ती पाठवणार कुठे? इंटरफेसला पत्ता देताना पहिला नियम हा: एका पेटीच्या दोन तोंडांच्या हद्दी एकमेकींवर येता कामा नयेत. आतला पट्टा बदला, १९२.१६८.५० करा, प्रश्न मिटतो.

यंत्राला मास्क आपोआप कळावा म्हणून प्रयत्न झाले. आरएफसी ९५० मध्येच एक सोय होती: यंत्रानं तारेवर विचारायचं, 'माझा मास्क काय?' आणि कोणीतरी सांगायचं. ती सोय फारशी रुजली नाही. रुजलं ते १९९३ चं डीएचसीपी. त्यात यंत्राला जी माहिती दिली जाते तिच्या प्रत्येक बाबीला क्रमांक आहे, आणि १ क्रमांक सबनेट मास्कचा आहे. गेटवेचा ३. त्यामुळे आज फोनला, लॅपटॉपला मास्क कोणी हातानं देत नाही. पण राउटर, फायरवॉल, सर्व्हर यांच्या आतल्या तोंडांना देतो, कारण इतर सगळे त्यांच्या पत्त्याच्या भरवशावर असतात. म्हणून तो दुसरा चौकोन अजून आहे.

वर्ग गेले

आता १९९० च्या आसपास या. संस्थांना सी वर्ग लहान पडायचा, २५६ मध्ये काय होणार? ए वर्ग मिळणं अशक्य. म्हणून प्रत्येक जण बी मागायचा. पाचशे संगणक असलेली संस्था ६५ हजार पत्ते घेऊन बसायची. बी वर्ग संपत आला. बरं, एकाऐवजी दोन-चार सी वर्ग द्यावेत, तर जगभरच्या राउटरच्या यादीत त्या प्रत्येकाची वेगळी ओळ. याद्या फुगून राउटरची स्मृती पुरेना.

आणखी एक अडचण आतल्या बाजूला होती. आरआयपी नावाची राउटरांची जुनी भाषा मास्क सांगतच नसे. त्यामुळे संस्थेतले सगळे सबनेट एकाच आकाराचे ठेवावे लागत. दहा माणसांच्या खात्याला आणि पाचशे मुलांच्या वसतिगृहाला सारखीच जागा. ओएसपीएफसारख्या नव्या भाषा पत्त्याबरोबर मास्कही सांगू लागल्या आणि वेगवेगळ्या मापाचे तुकडे करता येऊ लागले.

मग हाच विचार बाहेरच्या जगालाही लावला गेला. सप्टेंबर १९९३ मध्ये आरएफसी १५१९ आला. व्हिन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू आणि कन्नन वरधन हे त्याचे लेखक. पद्धतीचं नाव सीआयडीआर, लोक 'सायडर' म्हणतात. वर्ग रद्द. रेष कुठेही असू शकेल, आणि ती कुठे आहे ते पत्त्याबरोबर प्रत्येक वेळी सांगायचं. लिहिताना तिरकी रेघ आणि बिटांची संख्या: /२४, /२६, /२२. पाचशे यंत्रं असतील तर /२३ घ्या, ५१२ पत्ते, काम झालं. शेजारशेजारचे पट्टे एकाच ओळीत सांगता येऊ लागले, त्यामुळे याद्याही आटोक्यात आल्या. आणखी एक बदल झाला. आरएफसी ९५० प्रमाणे मास्कमधले एक सलग असायलाच हवेत असं नव्हतं, फक्त सल्ला होता. आता सलग असणं बंधनकारक झालं. म्हणून तर एका आकड्यात सांगता येतं.

म्हणजे जो विचार एका विद्यापीठाच्या आतल्या सोयीसाठी सुरू झाला, त्यानं आठ वर्षांत पूर्ण इंटरनेट सांभाळलं.

कोणाला किती मिळालं

आता मी थोडं वेगळं बोलणार आहे, कारण रेषांच्या गोष्टीत वाटपाची गोष्ट येतेच.

३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. त्यातले निम्मे ए वर्गात होते, सव्वाशेच्या आसपास नेटवर्कांत. ते जे सुरुवातीला आले त्यांना मिळाले. कोणी लुबाडलं असं मी म्हणत नाही, तेव्हा घ्यायलाच कोणी नव्हतं. स्टॅनफर्डकडे ३६ क्रमांकाचं ए वर्गाचं नेटवर्क होतं, एमआयटीकडे १८.

आपल्याकडे १९८६ मध्ये एर्नेट सुरू झालं. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत, आणि आठ जागा: तो विभाग स्वतः, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूचं एनसीएसटी. पवई आणि जुहू, म्हणजे मुंबईत दोन. एर्नेटकडे १४४.१६ हे बी वर्गाचं नेटवर्क होतं आणि ते संस्थांमध्ये सबनेट करून वाटलेलं होतं. पुढे आणखी पत्ते मिळाले, पण हे प्रमाण बघा. तिकडे एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाख. इकडे देशातल्या अव्वल संस्थांना मिळून ६५ हजार. २५६ पट फरक. आपल्या लोकांना सबनेट शिकावंच लागलं, हौसेनं नव्हे.

पत्ते कमी पडतायत म्हणून दोन तोडगे निघाले. एक, खासगी पत्ते: आधी १९९४ मध्ये आरएफसी १५९७, मग फेब्रुवारी १९९६ चा आरएफसी १९१८. तीन पट्टे कोणीही आपल्या चार भिंतींत वापरावेत, बाहेर न्यायचे नाहीत. त्यातला १९२.१६८ तुमच्या घरात आहे. सर्वांत मोठा १० चा. हा १० कुठून आला माहीत आहे? तो खुद्द अर्पानेटचा क्रमांक होता. १९९० मध्ये अर्पानेट बंद झालं, क्रमांक मोकळा झाला आणि तो सर्वांना खुला केला. पहिल्या नेटवर्कचं घर आज गावाची चावडी झालंय. दुसरा तोडगा नॅट, मे १९९४ चा: आतले अनेक पत्ते बाहेर एकाच पत्त्यामागे लपवायचे. आपली घरं, सोसायट्या, शाळा आज याच दोन गोष्टींवर चालतात.

आणि स्टॅनफर्डचं काय झालं? त्यांनी २००० मध्ये आपलं ३६ चं नेटवर्क परत केलं. सगळ्या इमारतींमधल्या यंत्रांचे पत्ते बदलायचे, म्हणजे केवढं काम असेल विचार करा. ऑक्टोबर २०१० मध्ये तो ३६ चा पट्टा एपीनिकला, म्हणजे आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेला मिळाला. भारत त्याच विभागात येतो. एमआयटीनं २०१७ मध्ये आपले निम्मे पत्ते विकायचं ठरवलं. दोन्ही निर्णय कायदेशीरच. फरक काय आहे तो तुम्हीच ठरवा.

३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पट्टे वाटले गेले. १५ एप्रिल २०११ ला एपीनिक आपल्या शेवटच्या मोठ्या पट्ट्यावर आलं आणि तेव्हा एका सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, म्हणजे एक /२२, असा नियम होता.

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न

प्रश्न असा आला: आयपीव्ही६ मध्ये १२८ बिट आहेत, मग आता मास्क संपला का?

चौकोन बदललाय, प्रश्न नाही. तिथे २५५ वगैरे लिहावं लागत नाही, थेट /६४ असं लिहितात. साध्या तारेवर रेष बरोबर मधोमध ठेवायची असं ठरवून टाकलंय: ६४ बिट नेटवर्कचे, ६४ यंत्राचे. एका अर्थी आपण १९८० ला परतलो, रेष पुन्हा वरून आखलेली. पण त्या ६४ च्या डावीकडे संस्थेला जी जागा मिळते, /४८ असो की /५६, तिचे तुकडे कसे पाडायचे हे अजून तुमच्या हाती आहे. भारतात आयपीव्ही६ चा वापर चांगला पसरलाय, मुख्यतः मोबाइलमुळे. उशिरा आलेल्यांना जुनी जागा मिळाली नाही, म्हणून ते नव्या जागेत लवकर गेले. पण ऑफिसातल्या पेट्यांवर आयपीव्ही४ आणि त्याचा मास्क अजून बरीच वर्षं राहणार.

तेव्हा पुढच्या वेळी तो दुसरा चौकोन भरताना सवयीनं हात चालवू नका. तिथे तुम्हाला विचारलं जातंय की या तोंडापलीकडे तुमची हद्द कुठवर आहे. १९८५ पूर्वी हे तुम्हाला कोणी विचारत नव्हतं. उत्तर एका कागदावर लिहून ठेवा, कुठल्या तोंडाला कुठला पट्टा आणि केवढा. तुमच्या नंतर येणाऱ्याला ती रेष पॅकेटमध्ये दिसणार नाही, तुमच्या कागदावरच दिसेल.

पुढच्या व्याख्यानात पत्त्यांकडून नावांकडे जाऊ: एका फाइलमध्ये जगातल्या सगळ्या संगणकांची नावं मावत होती तिथपासून डीएनएसपर्यंत. आज इथेच थांबतो.